पूर्व आशियात इंग्रजी अध्यापन : जाण्यापूर्वी परतीचा विचार

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्या वेळी त्र्यंबकेश्वरसारख्या गावांत इंग्रजी मुळाक्षरे गिरविणारी पिढी आज पदवीधर झाली आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या या तरुणांना जपान, दक्षिण कोरियातील शाळांत शिकविण्याच्या जाहिराती खुणावणे स्वाभाविक आहे. मात्र, भारतीयांसाठी ही वाट जाहिरातीत दिसते तितकी रुंद नाही.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्यासाठीचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. इंग्रजी कितीही अस्खलित असो, आधी पासपोर्ट पाहिला जातो! १ जानेवारी २०१० रोजी अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने याला अपवाद केला. इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयास तेथील शाळेत सहायक शिक्षक होता येते. थोडक्यात, बी.एड. आधी, विमान नंतर. एजंटाच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

जपानचा 'जेट' हा सरकारी उपक्रम १९८७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पण भारतीयांची संख्या अत्यल्प असते. करार एका वर्षाचा, फार तर ५ वर्षांपर्यंत वाढणारा. वर्गाची सूत्रे जपानी शिक्षकाकडेच असतात.

खरा प्रश्न परतल्यावरचा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील भरती 'पवित्र' पोर्टलद्वारे, 'टेट' अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. परदेशातील अनुभवाने त्या गुणांत भर पडत नाही. शिवाय ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि पुढे २०२५ मध्ये झाली. ती नेमकी परदेशातील वास्तव्यात आली आणि हुकली, तर पुढची केव्हा येईल याचा भरवसा नाही. वयोमर्यादा मात्र थांबत नाही.

खासगी शाळांचे गणित निराळे. तेथे असा अनुभव मुलाखतीत निश्चितच वजनदार ठरतो. जपानमध्ये राहून तेथील भाषेची 'जेएलपीटी' परीक्षा वरच्या स्तरापर्यंत उत्तीर्ण झाल्यास पुण्यातील जपानी कंपन्यांत दुभाषी वा अनुवादकाचे काम मिळू शकते. हा लाभ अनेकदा इंग्रजी शिकविण्यापेक्षाही मोठा असतो. कोरियन भाषेबाबतही तेच. तेव्हा मुलांना इंग्रजी शिकविता शिकविता संध्याकाळी स्वतः विद्यार्थी होण्याची तयारी असेल, तरच अर्ज भरावा.