नकाशा नसलेली गुराब

मुलुंडच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल गेली चार वर्षं निम्मंच जेवणासाठी उरलं आहे. उरलेल्या निम्म्यावर दोन जहाजं शेजारी शेजारी उभी आहेत. एक ‘एचएमएस त्रिंकोमाली’, मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली ब्रिटिश फ्रिगेट. दुसरी मराठा आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब. पहिलीची कुठली फळी कुठे बसते ते मला कागदावर बघता येतं. दुसरीचं नाक अजून ठरत नाही. या छंदाबद्दल लिहायला बसलो तो त्या नाकामुळेच.

शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणारे जगभर आहेत. बहुतेकांची सुरुवात किटने होते. खोक्यात कापलेले सांगाडे, पट्ट्या, दोरे, पितळी तोफा आणि क्रमवार सूचना मिळतात. तिथून पुढे गेलेला माणूस मूळ आराखडे मिळवतो आणि प्रत्येक तुकडा स्वतः कापतो. त्याला ‘स्क्रॅच’ म्हणतात. त्रिंकोमाली मी तशी केली. तिच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट. मी १:९६ प्रमाण धरलं, म्हणजे खरा एक फूट माझ्याकडे पाव इंचाचाही निम्मा. तेवढ्यात ती जेमतेम १९ इंच भरते. गुराब १:४८ वर आहे, म्हणून टेबलावर दोघी बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्रिंकोमाली दुपटीहून लांब होती.

तिच्या आराखड्यांचीच एक गोष्ट आहे. ब्रिटिश नौदलाने ते मुंबईला पाठवले ‘जावा’ नावाच्या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने जावाचा पराभव केला आणि जहाजाबरोबर कागदही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. मग जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानात त्रिंकोमाली उभी केली. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले होते, तेव्हापासून गोदीचं काम या घरात चालत आलं. ज्या जहाजावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला ते ‘कॉर्नवॉलिस’ही याच गोदीतलं. त्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आणि आराखडे घेऊन चाललेल्या जावाला हरवणारी कॉन्स्टिट्यूशनही बॉस्टनला तरंगते आहे. प्रतिकृती करणाऱ्यांचं ते फार लाडकं जहाज. दोन्ही जहाजं, दोन्हीचे कागद, सगळं जपलेलं. मला याचा आनंद वाटतो आणि हेवाही.

काम कसं चालतं ते थोडं सांगतो. आधी तळाचा कणा. आपल्या किनाऱ्यावर त्याला पठाण म्हणतात. त्यावर आडव्या फासळ्या उभ्या करायच्या. मग लाकडाच्या लांब पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून फासळ्यांच्या कडा घासायच्या. पट्टी तीन-चार फासळ्यांवर एकदम टेकली पाहिजे. एक फासळी अर्धा मिलिमीटर जरी उंच राहिली, तरी वर बसवलेली फळी तिथे कोपर काढते आणि रंगाखालीही ते लपत नाही. फळ्या पोटापाशी चार मिलिमीटर रुंद, पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेपाशी, निमुळत्या होत होत अडीचवर. प्रत्येक फळी गरम पाण्यात भिजवायची, सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या दांड्यावर हळूहळू वळवायची, टाचण्यांनी धरून ठेवायची. एका बाजूची एक लावली की लगेच दुसऱ्या बाजूची. सगळ्या एकाच बाजूने लावत गेलात तर कणा केळ्यासारखा वाकतो.

त्रिंकोमाली सागवानी, पण तिची प्रतिकृती सागवानात करता येत नाही. सागाची छिद्रं डोळ्यांना दिसतात. खऱ्या फळीवर ती शोभतात, एवढ्याशा फळीवर मात्र वाळवी लागल्यासारखी दिसतात. मी हेदू वापरला. पिवळसर, घट्ट, रेघ जवळजवळ न दिसणारा. नागदेवी स्ट्रीटवर बारीक पातं मिळालं, हेदूचे तुकडे वखारीतल्या ढिगातून वेचून आणले. दोरशिड्या बांधायलाच एक हिवाळा गेला. उभा दोर आणि आडवा दोर जिथे भेटतात तिथे प्रत्येक ठिकाणी एक गाठ. सुती दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे त्याचे तंतू बसतात आणि तो शोभेच्या लोकरीसारखा दिसत नाही.

आणि पावसाळा! माझी पहिली बोट मी जुलैत चिकटवली होती. मुंबईच्या हवेत लाकूड टम्म फुगलेलं असतं. जानेवारीत ते आकसलं आणि फळ्यांमधून उजेड दिसायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे जून ते सप्टेंबर फक्त कापणं, घासणं आणि वाचणं. डिंक लागतो तो दसऱ्यानंतर.

अशाच एका पावसाळ्यात वाचता वाचता गुराबीकडे वळलो. मुलुंडहून लोकल पकडली की तासाभराच्या आत कल्याण येतं. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथल्या खाडीवर स्वराज्याची जहाजं बांधायला सुरुवात झाली. पोर्तुगीज कारागीरही त्या कामावर होते. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराबा आणि गलबतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, वाऱ्याशिवाय हलत नाही असं अवजड जहाज कामाचं नाही, हा त्यातला विचार. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दलही बजावलेलं आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना मालकाच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये. ते वाचून मी ठरवलं, माझी गुराब आंब्याच्या लाकडाची. लाकूड एका ओळखीच्या वाडीतलं. वादळात आपोआप पडलेल्या झाडाचं, मालकाला विचारून आणलेलं.

पण आकार कुठून आणायचा? गुराबीचा मापासह आराखडा माझ्या हाती कधी आला नाही. मराठ्यांच्या गोदीत कागदावर जहाज काढत नसत. आणि बऱ्याचशा गुराबा एकाच दिवसात गेल्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, पेशव्यांशी हातमिळवणी करून. वॉटसनच्या तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. मला त्या आगीची आजही हळहळ वाटते. जहाजं जातातच, पण तिथे सुतारांच्या कित्येक पिढ्यांची अक्कल एका दुपारी राख झाली.

उरलं ते शत्रूच्या लेखणीत. क्लाइव्हचा स्नेही रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ साली निघालेल्या इतिहासात गुराबीचं एक सविस्तर वर्णन आहे. बहुतेकींना दोनच डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली दीडशेच्या आतली. पाण्यात फार कमी बुडणारी, लांबीच्या मानाने खूप रुंद, मधून टोकाकडे निमुळती. आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं लांब बाहेर आलेलं नाक. त्या नाकावरच्या डेकला कठडा नाही, कारण समोरून लाट आली की जहाज जोरात डुबक्या मारायचं आणि अंगावर आलेलं पाणी वाहून जायला वाट हवी. या नाकाच्या मागच्या आडभिंतीला झरोके, त्यांतून दोन मोठ्या तोफा थेट पुढे डागायच्या. गलबतं याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, काहींचं डेक फाडलेल्या बांबूचं.

वाचताना जहाज डोळ्यांसमोर उभं राहतं. कापायला बसलं की अडतं. लांबी मी ७० फूट धरली, रुंदी २२. नाक किती लांब? किती उचललेलं? पाण्याच्या रेषेखाली पोट कसं वळतं? ऑर्मला पाण्याखालचं दिसलं नसावं.

ते बघायला मी मढला जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत वर्सोवा, मढ, गोराई इथल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. एरवी पाण्याखाली असणारं सगळं अंग उघडं. वर्सोव्याहून फेरीने पलीकडे उतरायचं आणि चिखलातून एकेका होडीभोवती फिरायचं. फायबर चढवलेल्या बऱ्याच आहेत, तरी लाकडी अजून दिसतात. त्यांची लांब, पुढे झेपावणारी नाळ पाहिली की ऑर्मचं वाक्य आठवतं. या होड्या म्हणजे गुराबा नव्हेत, मधे अडीचशे वर्षं आणि डिझेलचं इंजिन आहे. पण किनारा तोच, वारा तोच, वाळूवर ओढायची गरजही तीच, आणि होडी बांधायची रीत अजूनही डोळ्याच्या अंदाजाची. पठाण आणि नाळ बसली की मिस्त्री दोरी धरतो, मागे सरकून बघतो, पुन्हा दोरी धरतो.

गेल्या पावसाळ्यात मी गुराब खोक्यात घालून मढला नेली. दुरुस्तीचं काम करत बसलेल्या एका वयस्क मिस्त्रींपुढे ठेवली.

“काका, पुढून बरोबर वाटते का?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट उलटी केली. डेक, तोफा, काठ्या कशाकडेच बघितलं नाही. अंगठा नाळेपासून मागे मागे फिरवत नेला आणि तिसऱ्या फासळीपाशी थांबवला.

“इथं पोट लवकर फुगवलंत. ही पाणी ढकलेल, कापणार नाही.”

“किती मागे घेऊ?”

त्यांनी अंगठा दोन फासळ्या मागे नेला. “इथनं सुरू करा. मग नाक एवढं वर उचलायला नको.”

मी नाक उचललं होतं ते चित्रात छान दिसावं म्हणून. लाट अंगावर येऊन निघून जायची असेल तर ते खालीच हवं, हे ऑर्मच्या परिच्छेदात होतं, फक्त मला ते तोवर दिसलं नव्हतं. परतीच्या फेरीत मी ओल्या वहीत आकडे मांडले. नाक चार मिलिमीटर खाली, रुंदीचा फुगवटा दोन फासळ्या मागे.

आमच्या सोसायटीतली मुलं दिवाळीत किल्ला करतात. गेल्या वेळी सिंधुदुर्ग होता, निळा रंग दिलेल्या पाण्यात मी माझं लहान गलबत ठेवलं होतं. यंदा त्यांना गुराब हवी आहे. त्यातला एक नेव्हल एनसीसीत गेला आहे. तिथे जहाजाच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते म्हणून तो रविवारी येऊन बसतो. फळीला पॉलिश पेपर रेघेच्या दिशेने मारायचा, हे त्याला आता सांगावं लागत नाही.

पुढच्या सहा फळ्या मी उकळत्या पाण्याची वाफ देऊन सोडवल्या. डिंक पांढरा असल्याने न तुटता सुटल्या. पुढच्या दोन फासळ्या घासून झाल्या, तिसरी नव्याने कापली. नव्या फळ्या कापून, नंबर टाकून, जाड पुस्तकांखाली दाबून ठेवल्या आहेत. हवा अजून दमट आहे. दसऱ्यानंतर चिकटवीन.