औषध कधी बंद होणार?

सकाळी नऊच्या सुमारास मेथाडोन देणाऱ्या केंद्राच्या खिडकीपाशी रांग लागलेली असते. रांगेत कुणी हातगाडी ओढणारा, कुणी रिक्षाचालक, कुणी कपड्यांच्या दुकानातला कामगार. नाव सांगायचे, वहीत नोंद व्हायची. परिचारिका प्रत्येकाकडे नीट पाहते. झोक जात नाही ना, जीभ अडखळत नाही ना, डोळे जड दिसत नाहीत ना, एवढी खात्री झाली की छोट्या पेल्यात मोजून औषध ओतते. सरबतासारखे दिसणारे ते औषध तिथेच, तिच्यासमोर प्यायचे आणि कामाला लागायचे. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम.

दोन-तीन महिन्यांत रुग्णाच्या चेहऱ्यावर तजेला येतो, घरातल्या वस्तू नाहीशा होणे थांबते, पगार घरी येऊ लागतो. मग सोबत आलेली आई किंवा पत्नी हमखास एक प्रश्न विचारते, "डॉक्टर, हे औषध कधी बंद होणार?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तरात घाई झाली, तर अनेकदा रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून हे औषध काय करते, हे कुटुंबीयांनी समजून घ्यायला हवे.

गर्दची पकड

अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन मिळते आणि मॉर्फिनपासून हेरॉइन तयार होते. आपल्याकडे रस्त्यावर मिळणारी ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, हे हेरॉइनचेच भेसळयुक्त रूप. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या याच कुळातल्या. सल्ल्याशिवाय त्या घेत राहिलेला माणूस गर्दला कधी हात न लावताही याच सापळ्यात अडकू शकतो.

आपला मेंदू वेदना कमी करणारी स्वतःची रसायने तयार करतो आणि ती स्वीकारणारे रिसेप्टर मेंदूच्या पेशींवर असतात. गर्द त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते, तेही एकदम आणि मोठ्या प्रमाणात. सुरुवातीला सुखाची लाट येते. काही आठवड्यांत मेंदू या माऱ्याला सरावतो. तेवढ्याच मात्रेने काही होत नाही, म्हणून मात्रा वाढते. पुढे सुख मागे पडते आणि त्रास टाळण्यासाठी नशा करावी लागते.

या त्रासाला व्यसनींच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. शेवटची नशा होऊन आठ-बारा तास उलटले की जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, घाम, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे फुटल्यासारखे दुखणे आणि झोपेचा पत्ता नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळे शिगेला पोहोचते आणि साधारण आठवडाभरात ओसरते. हेरॉइनचा परिणाम काही तासच टिकत असल्याने माणसाचा दिवस नशा, उतार, पैशांची शोधाशोध आणि पुन्हा नशा अशा तुकड्यांत फाटून जातो. नोकरी कधी करणार आणि मुलाला शाळेत कधी सोडणार?

टर्की संपली म्हणजे सुटका झाली, असा घरच्यांचा समज होतो. खरा धोका तिथून पुढे असतो. नशेची ओढ, उदासी, अपुरी झोप हे महिनोन्‌महिने रेंगाळते. दरम्यान शरीराची सहनशक्ती मात्र उतरलेली असते. दहा-पंधरा दिवस कोंडून ठेवलेला किंवा तुरुंगातून सुटलेला माणूस पूर्वीच्याच मात्रेने एकदा नशा करतो आणि त्याचा श्वास थांबतो. "चांगला सुधारला होता हो," असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, त्याचा मृत्यू अनेकदा असा झालेला असतो.

न्यूयॉर्कमधला प्रयोग

मेथाडोन हे काही नशा सोडवण्यासाठी शोधलेले औषध नव्हे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत वेदनाशामक औषधांचा शोध घेताना ते तयार झाले. त्याचा आजचा उपयोग सापडला तो १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. डॉ. व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे अभ्यासक. डॉ. मेरी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ. हेरॉइनच्या रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षे उपचार केले होते आणि नुसत्या समुपदेशनाने बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळतात, हे पाहिले होते.

त्यांनी आधी रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिले. मात्रा वाढतच राहिली आणि रुग्ण पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत नुसते बसून असत. मग मेथाडोन सुरू केले आणि काही आठवड्यांत वेगळेच चित्र दिसू लागले. एक रुग्ण चित्रे काढू लागला. दुसऱ्याने अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करू द्या, असा धोशा लावला. दिवसभर नशेचाच विचार करणारी माणसे नशेखेरीज दुसरे काही बोलू लागली होती. १९६५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २२ रुग्णांचा हा अनुभव प्रसिद्ध झाला. चयापचयाच्या अभ्यासकाला शोभेल असा डोल यांचा मुद्दा होता. दीर्घकाळ नशा केल्याने शरीराच्या कारभारात बिघाड होतो. तो चारित्र्याचा दोष मानून भागणार नाही, त्यावर दीर्घकाळ उपचार करावे लागतील.

हे औषध नेमके काय करते?

मेथाडोन त्याच रिसेप्टरवर बसते, पण हळूहळू. तोंडाने घेतल्यामुळे सुखाची लाट येत नाही. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे दिवसातून एक मात्रा पुरते. टर्की होत नाही, ओढ कमी होते. जागा आधीच अडलेली असल्याने वरून गर्द ओढली तरी पूर्वीसारखी नशा चढत नाही. स्थिर मात्रेवर असलेला माणूस गुंगीत नसतो. तो काम करतो, हिशेब ठेवतो, संसार सांभाळतो.

मात्रा ठरवताना मात्र संयम लागतो. पहिल्या दिवशी साधारण २० ते ३० मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि ती सावकाश वाढवली जाते. बरेच रुग्ण ६० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिरावतात. औषध शरीरात साठत जाते. आजची मात्रा पूर्ण उतरण्याआधी उद्याची मात्रा वर पडते. म्हणून पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात. "एवढ्याने काही होत नाही, जास्त द्या," हा रुग्णाचा आग्रह डॉक्टर लगेच का मानत नाहीत, याचे कारण हेच. या काळात वरून दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

एक व्यसन सोडून दुसरे लावले?

मेथाडोनवरचा हा सर्वांत जुना आक्षेप. त्यात थोडे तथ्य आहे. मेथाडोन अचानक बंद केले तर टर्की होते, म्हणजे शरीर त्यावर अवलंबून असते. पण अवलंबून असणे आणि व्यसन यांत फरक आहे. रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची काही औषधे एकाएकी थांबवली तर त्रास होतो. त्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही. घर, तब्येत, अब्रू उद्ध्वस्त होत असतानाही एखाद्या पदार्थामागे धावत राहणे, हे व्यसन. मेथाडोन घेणाऱ्याचे धावणे थांबलेले असते.

याचा पुरावा मृत्यूंच्या आकड्यांत दिसतो. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. मेथाडोनचे उपचार चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू झाले होते. उपचार सुटलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३६ होते. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष घातक ठरले. इंजेक्शनने नशा करणे थांबल्यामुळे एचआयव्हीचा धोका कमी होतो, हा आणखी एक लाभ.

आपल्याकडे काय?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्या यादीत पंजाब, उत्तर प्रदेश, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्रही आहे.

व्यसन हा आजार आहे, हे मराठी समाजाला समजावण्याचे काम फार पूर्वी सुरू झाले. डॉ. अनिल अवचट यांचे 'गर्द' हे लेखन आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण यांनी व्यसनी माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. औषधाधारित दीर्घ उपचार त्या मानाने अपरिचित राहिले. २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात, इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी बुप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी देणे सुरू झाले. मेथाडोन भारतात २०१२ पासून मोजक्या केंद्रांत आले. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली होती.

औषध म्हणजे समुपदेशनाला पर्याय नाही. औषधाने शरीर शांत झाल्यावरच रुग्ण गटात बसून बोलू शकतो, कर्जाचा विचार करू शकतो, बायकोची माफी मागू शकतो. आजची मोठी अडचण आहे ती रोज केंद्रावर येण्याची. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा अर्धा दिवस प्रवासात गेला, तर तो उपचार सोडतो. केंद्र घराच्या किंवा कामाच्या जवळ असणे, हा इथे सोयीपेक्षा जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे?

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन शरीरातील मेथाडोन झपाट्याने कमी करते. नेहमीची मात्रा चालू असूनही रुग्णाला टर्की होते आणि तो पुन्हा गर्दकडे वळतो. गर्द ओढणाऱ्यांत क्षयरोग नवा नाही. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही उपचारांची माहिती हवीच. एचआयव्हीच्या काही औषधांनीही असेच होते. हृदयाचे ठोके बिघडण्याचा इतिहास असेल तर ईसीजी काढावा लागतो. बद्धकोष्ठता आणि घाम हे नेहमीचे दुष्परिणाम.

गर्भवती स्त्रीने नशा एकदम तोडणे बाळासाठीही धोक्याचे असते. तिला वैद्यकीय देखरेखीखाली मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन देता येते. जन्मानंतर बाळाला काही दिवस त्रास झाला तर त्यावर उपचार आहेत. औषध घरी नेण्याची परवानगी मिळाली, तर ते कुलपातच ठेवावे. मोठ्या माणसाची एक मात्रा लहान मुलाचा जीव घेऊ शकते.

श्वास मंद किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि हाका मारूनही जाग नाही, ही अतिमात्रेची लक्षणे. मिठाचे पाणी पाजण्यात, गार पाणी ओतण्यात वेळ घालवू नये. १०८ला फोन करावा, कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये. नॅलॉक्सोन हे इंजेक्शन वेळेत मिळाले तर श्वास परत येतो, पण त्याचा परिणाम लवकर उतरतो. म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात थांबणे भाग आहे.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण उपचारांना येत नाहीत. सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. माहितीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

प्रश्नाचे उत्तर

मग औषध कधी बंद होणार? निदान वर्षभर तरी त्याचा विचार करू नये. अनेकांना ते त्याहून बराच काळ लागते, काहींना कायमचे. बंद करायचेच असेल, तर नशा सुटून बराच काळ लोटलेला असावा, राहते घर आणि काम स्थिर असावे, इच्छा रुग्णाची स्वतःची असावी, आणि मात्रा महिनोन्‌महिने थोडी-थोडी उतरवावी. मध्येच ओढ जागी झाली तर पुन्हा वर न्यावी. त्यात हार काही नाही. घरात लग्न ठरले, पाहुणे येणार, कुणाला कळेल, म्हणून औषध तोडणे हे सर्वांत वाईट कारण.

तोवर आईने दुसरे प्रश्न विचारावेत. काल रात्री तो जेवला का? झोपला का? कामावर गेला का? याची उत्तरे 'हो' येत असतील, तर उपचार लागू पडत आहेत. खिडकीपाशी रिकामा पेला ठेवून, जेवणाचा डबा काखेत मारून तो पावणेदहाची लोकल पकडायला निघतो, तेव्हा तो बरा होतच असतो.