मुलामा अर्ध्यावर थांबविला तर...

कणकवलीतून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर रात्रंदिवस मोटारींची वर्दळ असते. त्यांतील पेट्रोलवर धावणाऱ्या आधुनिक मोटारी आपल्याबरोबर थोडासा मौल्यवान धातूही वाहून नेत असतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत बसविलेल्या ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’मध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर ते कार्बन डायऑक्साइडमध्ये करतात आणि स्वतः मात्र जसेच्या तसे राहतात. भारतात हे उपकरण १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले.

रासायनिक क्रियेचा वेग वाढवूनही स्वतः खर्ची न पडणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. १८३५ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी या प्रकाराला नाव दिले. वनस्पती तूप तयार करताना तेलात हायड्रोजन मिसळण्यासाठी वापरले जाणारे निकेलचे बारीक चूर्ण हेही उत्प्रेरकच. अडचण एवढीच, की उत्तम उत्प्रेरक ठरणारे बरेचसे धातू दुर्मिळ आणि महाग आहेत. म्हणूनच कमीत कमी धातूत जास्तीत जास्त काम कसे साधावे, हा या शास्त्रातील कळीचा प्रश्न आहे.

सहा गुंठ्यांचा घन

उत्प्रेरकाचे सारे काम त्याच्या पृष्ठभागावर चालते. पोटातील धातू वाया जातो. एक सेंटिमीटर बाजूचा प्लॅटिनमचा घन घेतला, तर त्याचे वजन सुमारे २१ ग्रॅम भरेल आणि पृष्ठभाग असेल अवघा सहा चौरस सेंटिमीटर. याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होईल. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. धातू तेवढाच, पण काम करणारी जागा दहा लाख पटींनी वाढली!

मात्र धातू कुटून इतके बारीक कण मिळत नाहीत. ते अणू-अणू जोडूनच घडवावे लागतात. त्यासाठी रासायनिक मार्ग अनेक आहेत. परंतु विजेच्या साह्याने कण घडविण्याचा मार्ग समजायला सोपा आहे, कारण त्याचे मूळ सर्वांच्या परिचयाच्या मुलाम्यात आहे.

थांबण्याचे कसब

दागिन्यावर किंवा देवाच्या उपकरणांवर चांदीचा मुलामा चढविताना ती वस्तू चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून विजेच्या ऋण टोकाला जोडतात. द्रावणातील धनभारित चांदीचे आयन तिच्याकडे ओढले जातात, तेथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात आणि चांदीचे अणू पृष्ठभागावर बसतात. किती वीज वाहिली म्हणजे किती धातू जमा होतो, याचा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात सांगितला. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला, की १.११८ मिलिग्रॅम चांदी जमा होते. प्रवाह मिलिअँपिअरचा आणि वेळ काही सेकंदांचा ठेवला, तर मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकी चांदीही मोजून बसविता येते.

मुलामा एकदम सलग बसत नाही. आरंभी पृष्ठभागावर ठिकठिकाणी अणूंचे लहान पुंजके तयार होतात. त्यांना बीजकण म्हणता येईल. पुढे ते वाढत जातात, एकमेकांना भिडतात आणि मग सलग थर तयार होतो. मुलामा देणाऱ्याला हा थर हवा असतो, तर उत्प्रेरक घडविणाऱ्याला तो होऊ द्यायचा नसतो. कण भिडण्यापूर्वीच वीज थांबविणे, हेच त्याचे कसब.

येथे विद्युतदाबाची निवड महत्त्वाची ठरते. आयनांना ओढणारा दाब जोरकस असेल, तर पुष्कळ बीजकण एकाच वेळी जन्मतात. तो सौम्य असेल, तर नवे बीजकण थोडे आणि असलेल्यांची वाढ अधिक होते. म्हणून अनेक प्रयोगांत क्षणभर जोरकस आणि नंतर सौम्य दाब देतात. सर्व कणांचा जन्म जवळपास एकाच वेळी झाल्याने त्यांचे आकारमानही बरेचसे सारखे राहते.

आकारमानाइतकाच घाटही महत्त्वाचा असतो. चीनमधील शियामेन विद्यापीठ आणि अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी २००७ मध्ये विद्युतदाब वारंवार वरखाली करून चोवीस पैलूंचे प्लॅटिनमचे नॅनोस्फटिक घडविले. तेवढ्याच पृष्ठभागाच्या नेहमीच्या प्लॅटिनम कणांपेक्षा ते काही क्रियांत चौपटीपर्यंत प्रभावी ठरले.

पुण्याची बस, घाटावरची प्रयोगशाळा

या साऱ्याचे महत्त्व हायड्रोजनमुळे वाढले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या परिषदेचा घटक आहे, ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात झाले. अशा बसमधील इंधनघटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि सामान्यतः त्यासाठी कार्बनवर बसविलेले प्लॅटिनमचे नॅनोकण लागतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. प्लॅटिनमची जितकी बचत होईल, तितके हे इंधन आवाक्यात येईल.

बाजारातील असे उत्प्रेरक आजही मुख्यतः रासायनिक पद्धतीने तयार होतात. विजेच्या पद्धतीचा विशेष असा, की वीज आणि द्रावण दोन्ही पोहोचतील तेथेच कण बसतो. कोपऱ्यात निरुपयोगी पडून राहणारा धातू त्यामुळे वाचतो. दुसरा विशेष म्हणजे साधनांचा साधेपणा. एक काचपात्र, क्षारांचे द्रावण, इलेक्ट्रोड आणि विद्युतदाब नियंत्रित करणारा पोटेन्शिओस्टॅट एवढ्यावर काम सुरू होते. महागड्या निर्वात यंत्रांची गरज नसते. कणकवलीहून फोंडाघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, डॉ. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने विद्युतनिक्षेपणासह अशाच कमी खर्चाच्या पद्धतींनी पातळ थर तयार करण्याचे दीर्घकाळ काम केले.

कण डोळ्यांनी पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. तथापि प्लॅटिनमचा कार्यक्षम पृष्ठभाग विजेनेही मोजता येतो. त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हायड्रोजनच्या अणूंचा एकेरी थर बसताना सुमारे २१० मायक्रोकूलोंब विद्युतभार लागतो. एकूण भार मोजला, की पृष्ठभागाचा हिशेब लागतो. कणकवलीसारख्या गावातील महाविद्यालयालाही पेलेल असे हे विज्ञान आहे.

मर्यादांचेही भान

अर्थात मर्यादाही आहेत. वापरात हे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, काही विरघळतात, काही निखळतात. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड चिकटून बसला, की त्याचे काम मंदावते. मोठ्या पत्र्यावर कडेला प्रवाह जास्त आणि मध्यावर कमी वाहत असल्याने कण सर्वत्र सारखे बसत नाहीत. प्लॅटिनमऐवजी निकेलसारखा स्वस्त धातू वापरावा, तर आम्लयुक्त द्रावणात तो टिकत नाही. अल्कधर्मी द्रावणात मात्र तो उपयोगी पडतो.

सर्वांत मोठी काळजी उरलेल्या द्रावणाची. निकेलचे क्षार आरोग्याला घातक असतात आणि चांदीच्या पारंपरिक मुलाम्यात तर सायनाइड वापरले जाते. कोकणातला जांभा सच्छिद्र आहे. जमिनीवर ओतलेले द्रावण विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून द्रावणातील धातू परत मिळविण्याची सोय आधी आणि प्रयोग नंतर, हाच क्रम हवा. धातूचा कण न् कण वाचविण्यासाठी जन्मलेल्या या शास्त्राने तोच धातू पाण्यात सोडावा, यासारखी विसंगती दुसरी नसेल.