रिले केंद्रांचे समकालन

बिनतारी संदेशवहनाच्या जाळ्यातील रिले केंद्रांची घड्याळे परस्परांशी ठराविक मर्यादेत जुळती ठेवण्याच्या क्रियेस समकालन म्हणतात. एका केंद्राकडून आलेला संदेश ग्रहण करून तो पुढील केंद्राकडे पाठविणारे मध्यस्थ केंद्र म्हणजे रिले केंद्र होय. अंतर, डोंगर वा इमारती यांमुळे क्षीण झालेला संदेश अशा केंद्राच्या साहाय्याने पुढे नेता येतो. मात्र एकाच कंप्रतेवर अनेक केंद्रे काम करीत असल्यास कोणी केव्हा प्रेषण करावे व केव्हा ग्रहण करावे, हे वेळेच्या हिशेबाने ठरवावे लागते. घड्याळे जुळत नसल्यास एकाचे प्रेषण दुसऱ्याच्या ग्रहणकाळात पडते व संदेश निरुपयोगी होऊ शकतात.

पूर्वपीठिका : संदेशाबरोबर वेळही वाहून न्यावी लागते, हा अनुभव तारायंत्राच्या काळापासूनचा आहे. जळगाव जिल्ह्यातील बोदवड हे भुसावळ–बडनेरा लोहमार्गावरील स्थानक आहे. हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या नागपूर शाखेचा भाग होय. बोदवड सु. ७६° पूर्व रेखांशावर असल्याने तेथील स्थानिक वेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशावर आधारलेल्या भारतीय प्रमाणवेळेच्या सु. २६ मिनिटे मागे असते. प्रत्येक स्थानकाने आपापली सूर्यवेळ पाळली असती, तर वेळापत्रक जुळविणे अशक्य झाले असते. म्हणून लोहमार्गांवर मद्रासची वेळ प्रचारात आली व ती तारायंत्राने दूरवर कळविली जाई. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अंमलात आली. गाड्यांच्या वेळापत्रकास मिनिटाची अचूकता पुरत असे. आधुनिक बिनतारी जाळ्यास मात्र सेकंदाच्या दशलक्षांशाची, म्हणजे मायक्रोसेकंदाची, अचूकता लागते.

चुकीची कारणे : पहिले कारण प्रवासकाल हे होय. रेडिओ तरंग एका मायक्रोसेकंदात सु. ३०० मी. अंतर कापतो. भुसावळ व बोदवड यांमधील सरळ अंतर सु. ३० किमी. असल्याने तेवढ्या अंतरास सु. १०० मायक्रोसेकंद लागतात. दुसरे कारण घड्याळाचे अपसरण. सामान्य क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंप्रतेत दशलक्षात २० भागांची चूक असल्यास दिवसाकाठी सु. १·७ सेकंदांचा फरक पडतो. तापमान व स्फटिकाचे वय यांनुसार हे अपसरण बदलते, त्यामुळे घड्याळ एकदाच लावून भागत नाही.

दुतर्फी पद्धत : प्रवासकाल व घड्याळातील फरक ही दोन्ही अज्ञाते एकाच संदेशावरून वेगळी करता येत नाहीत; त्यासाठी संदेश व उत्तर अशी दोन्ही हवीत. उदा., भुसावळच्या केंद्राने आपल्या घड्याळात ० असताना पाठविलेला संदेश बोदवडच्या घड्याळात १४० मायक्रोसेकंद झाले असताना पोहोचला. बोदवडने आपल्या घड्याळात ५०० असताना उत्तर पाठविले व ते भुसावळच्या घड्याळात ५६० असताना मिळाले. जातानाचा भासमान काल १४० व येतानाचा ६० होय. त्यांच्या बेरजेचे निम्मे, म्हणजे १००, हा प्रवासकाल. वजाबाकीचे निम्मे, म्हणजे ४०, इतके बोदवडचे घड्याळ पुढे आहे. आयईईई १५८८ हे मानक (२००२, सुधारित २००८ व २०१९) याच तत्त्वावर आधारलेले आहे. जाण्यायेण्याचा काल समान आहे, असे येथे गृहीत धरलेले असते. तो असमान असल्यास फरकाच्या निम्मी चूक घड्याळात उतरते व घड्याळांच्या नोंदींवरून ती ओळखता येत नाही.

साखळीतील संचय : रिले केंद्र स्वतः मिळविलेली वेळच पुढे देते, त्यामुळे त्याची चूकही पुढे जाते. प्रत्येक टप्प्यावर ०·१ मायक्रोसेकंदाची यादृच्छिक चूक होत असेल, तर नऊ टप्प्यांनंतर ती सरासरीने वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे ०·३ इतकी वाढते. परंतु चूक एकाच दिशेची असल्यास ०·९ होते. म्हणून लांब साखळीत टप्पे कमी ठेवतात किंवा मधील केंद्रांना वेळ स्वतंत्रपणे पुरवितात.

उपग्रहीय वेळ : जीपीएस, नाविक इ. प्रणालींच्या उपग्रहांत आणवीय घड्याळे असतात. त्यांच्या संकेतांवरून दूरदूरची केंद्रे एकमेकांशी न बोलताही एकच वेळ पाळू शकतात. मात्र हे संकेत अतिशय क्षीण असल्याने अडथळ्याने वा हेतुपुरस्सर व्यत्ययाने ते लुप्त होऊ शकतात. त्या काळात केंद्रास स्वतःच्या आंदोलकावर विसंबावे लागते. त्याच्या कंप्रतेतील चूक एक अब्जांश असल्यास १·५ मायक्रोसेकंदाची मर्यादा सु. २५ मिनिटांत ओलांडली जाते; ती दहापट कमी असल्यास सु. चार तास मिळतात. दुरुस्तीस किती अवधी मिळणार, हे आंदोलकाच्या दर्जावर ठरते.

उपयोग : एकाच कंप्रतेवर आलटून पालटून प्रेषण व ग्रहण करणाऱ्या ४जी व ५जी दूरध्वनी जाळ्यांत शेजारच्या केंद्रांच्या वेळांत सामान्यतः ३ मायक्रोसेकंदांहून अधिक फरक चालत नाही. भारतीय रेल्वेने २०२० मध्ये राष्ट्रीय स्वयंचलित गाडी-संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’ मध्ये इंजिने व स्थानके रेडिओवरून नेमून दिलेल्या कालखंडांतच संदेश पाठवितात आणि त्यासाठी उपग्रहीय वेळ वापरली जाते. येथे चुकलेला कालखंड म्हणजे गाडीची स्थिती वा पुढील मार्गाची माहिती वेळेवर न पोहोचणे होय. अशा प्रणालींमध्ये घड्याळ जुळते ठेवण्याइतकेच ते जुळत नसल्याचे वेळीच ओळखून सुरक्षित स्थिती स्वीकारणेही आवश्यक असते.