छातीवरच्या यंत्राचा जमाखर्च

अमेरिकेतील मोंटाना प्रांतात नॉर्मन हॉल्टर या शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात हृदयाचे विद्युत्-स्पंदन बिनतारी पाठविणारे जे यंत्र सिद्ध केले, ते तीस किलोंहून अधिक वजनाचे असल्यामुळे पाठीवर वाहावे लागे. आज तेच कार्य छातीवर चिकटविलेली पट्टी करते, आणि तिचा सारा खजिना म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल.

त्यात सुमारे 225 मिलिअँपिअर-तास विद्युत् साठलेली असते. पट्टीतील बिनतारी प्रेषकाने 10 मिलिअँपिअर प्रवाह अखंड ओढला तर ती हिशेबाने एका दिवसाच्या आतच सरते, परंतु तोच प्रेषक वेळेच्या शंभराव्या हिश्श्यापुरताच जागा राहिला, तर तीच शिल्लक सुमारे तीन महिने पुरावी. झोपलेल्या रुग्णावरचा पहारा सेल संपल्याने मध्यरात्री उठावा, ही कल्पनाही असह्य आहे.

प्रेषकाला किती वेळ जागावे लागेल, हे धाडावयाच्या माहितीवर ठरते. हृदयालेखाच्या सेकंदाला 250 नोंदी, प्रत्येकी 12 बिटांच्या, धाडावयाच्या तर दर सेकंदास 3000 बिट होतात. उलट पट्टीतील सूक्ष्म संगणकाने ठोके स्वतःच मोजून मिनिटाला एक आकडा कळविला, तर प्रेषणाचा खर्च नाममात्र उरतो. मात्र या संक्षेपात डॉक्टरांना हवा असलेला तरंगाचा आकार हरपतो. म्हणून अनियमितता आढळताच पूर्ण आलेख पाठवावा, ही तरतूद मला सर्वांत विवेकाची वाटते.

शिवाय प्रेषक 2.4 गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर जलमय मानवी देह त्याच्या लहरी शोषून घेतो, आणि वाटेत हरवलेला निरोप पुन्हा धाडण्याचा भुर्दंड सेललाच पडतो. आय-ट्रिपल-ई संस्थेने 2012 साली शरीरालगतच्या जाळ्यांकरिता प्रसिद्ध केलेल्या मानकात त्या देहालाच वाहक मानून संकेत धाडण्याची एक पद्धतही नमूद आहे.