गाडी लाइनवर, तब्येत वाऱ्यावर

आमच्या वस्तीत एक ट्रकड्रायव्हर काका आहेत. वय ५२. भिवंडीच्या गोदामातून माल भरायचा, कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा करत इंदूरला खाली करायचा आणि तिकडून मिळेल ते भाडं घेऊन परतायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. मागच्या उन्हाळ्यात ते घरी आले, पाय धुवायला मोरीत बसले आणि काकूंना त्यांच्या तळव्यावर रुपयाएवढा काळपट फोड दिसला.

"हे कधी भाजलं?"

काकांना माहीतच नव्हतं. जुन्या गाडीच्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाखाली येते. काका चप्पल काढून गाडी चालवतात. पाय भाजला, फोड आला, फुटला, आणि पायाला पत्ता लागला नाही. काकूंनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी साखर २८० निघाली. ही साखर किती वर्षं वाढलेली होती, कुणास ठाऊक. साखर बराच काळ जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखतच नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. बोट कापायची वेळ आली नाही, पण जखम भरायला अडीच महिने गेले. ट्रिप केली तर पैसे, नाही केली तर नाही. ते अडीच महिने घर काकूंच्या धुण्याभांड्यांवर चाललं.

आपल्या बऱ्याच घरांतली माणसं स्टिअरिंगवर आहेत. गावकीची कामं सोडून शहरात आलेल्या बापाच्या मुलाला जमिनीचा तुकडा नव्हता, शिक्षण अर्धवट राहिलं, तेव्हा आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर ही वाट उघडी होती. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा फोटो लावून ही माणसं देश फिरतात. काहीजण ठरावीक रस्त्यांवर तो फोटो काढून आत ठेवतात, तेही ऐकलंय. हा ताणही रक्तदाबात धरला पाहिजे, मशीनवर तो वेगळा दिसत नसला तरी.

लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी पळवणं. निम्मा वेळ तर थांबण्यात जातो. भरायला नंबर लागत नाही, खाली करायला हमाल नाहीत, बिल्टीत चूक आहे, शहरात दिवसा जड वाहनांना बंदी आहे. दोन दिवस गाडी गेटबाहेर उभी राहते, ड्रायव्हर खुर्चीवर नाहीतर मागच्या फळीवर, आणि उशीर भरून काढायचा तो रात्री. शौचालय जवळ नसतं, म्हणून पाणीच कमी प्यायचं. उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये घाम वाहतोय आणि पोटात पाणी नाही, मग मुतखडा होतो, लघवीला जळजळ होते. बद्धकोष्ठ, मूळव्याध, कंबरदुखी या तक्रारी तर ड्रायव्हर तक्रारी म्हणून सांगतही नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालं आहे, ते बरंच झालं. पण आपले लोक चालवतात त्या गाड्या बहुतेक जुन्या.

झोपेचं जरा सविस्तर सांगते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप झोपेकडे ओढतं, मग माणूस कितीही निर्ढावलेला असो. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मेंदू पेंगतो. तंबाखू, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते एवढंच. चालतो तो उपाय साधा आहे: गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला, ढाब्यावर किंवा पंपावर घेऊन, चहा पिऊन वीस मिनिटं आडवं व्हायचं. चहाचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा ड्रायव्हर मात्र डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. त्याची झोप रात्रभर झोपूनही पुरी होत नाही.

हे सगळं ड्रायव्हरच्याच गळ्यात घालणं मला पटत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला फार तर १० तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ मध्येच कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कारखान्याला भोंगा होता, हजेरी होती. ट्रकला भोंगा फक्त हॉर्नचा. "उद्या सकाळी माल पोचला पाहिजे" असा मालकाचा फोन आला की कायदा टोलनाक्यावरच राहतो. लायसन्ससाठी लागणारा डॉक्टरी दाखलाही बरेचदा डोळे, कान न तपासताच हातात पडतो. तेव्हा चाळिशीनंतर डोळे आपणच तपासून घ्यावेत. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, रात्री दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर मोतीबिंदू असू शकतो.

आता काकांकडे परत येऊ, कारण खरी गोष्ट औषध सुरू झाल्यावर घडली. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन अशी असतात, की ती घेतली आणि जेवण लांबलं तर साखर धोकादायक कमी होते. काकांनी सकाळी गोळी घेतली, घाटात जाम लागला, दुपारी तीनपर्यंत पोटात काही नाही. हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. त्यांनी गाडी बाजूला घेतली हे नशीब, क्लीनरने साखर घातलेला चहा पाजला. असं झालं की आधी गाडी थांबवायची, लगेच साखर, गूळ किंवा गोड सरबत घ्यायचं आणि मग काहीतरी खायचं. पूर्ण बरं वाटेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काकांची चूक एकच होती. डॉक्टरांना आपण ड्रायव्हर आहोत हे सांगितलं नव्हतं, गाडी बंद करतील या भीतीने. सांगितल्यावर गोळी बदलून मिळाली. सर्दी-खोकल्याच्या औषधाचंही तसंच आहे. बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून दुकानदाराला विचारूनच घ्या.

दारूबद्दल पाचवं शील घेतलेल्या घरात मी वेगळं काय सांगू? तंबाखू-गुटखा मात्र आपण शीलाच्या बाहेर ठेवल्यासारखा वागतो. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर लगेच तपासा. सोडायचा असेल तर १८००-११२-३५६ या नंबरवर फुकट मदत मिळते.

आणि ज्या विषयावर विहारात कुणी बोलत नाही, तो एचआयव्हीचा. घरापासून महिना-महिना लांब राहणाऱ्या माणसाला धोका जास्त, हे सरकारी कार्यक्रमातही मान्य आहे. कंडोम वापरा आणि तपासणी दोघांनी करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं, औषधंही मोफत आहेत. वेळेवर औषध सुरू केलं तर माणूस वर्षानुवर्षं काम करतो. बायकोला दोष देऊ नका, तिला माहिती द्या. शंका असल्यास १०९७ वर बोला.

काकूंनी आता पद्धत पाडली आहे. काका महिन्यातून दोन-तीन दिवस घरी असतात. त्यातली पहिली सकाळ उपाशीपोटी महापालिकेच्या दवाखान्यात जाते. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला, तर पुन्हा तपासून औषध ठरवतात. महिनाभराच्या गोळ्या काकू वारांप्रमाणे पुड्या बांधून देतात. सोबत भाजलेले चणे, शेंगदाणे, बाजरीच्या दोन दिवस टिकणाऱ्या भाकरी आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन. १०३३ हा हायवेचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर क्लीनरच्या मोबाइलमध्येही घालून दिलाय. रात्री मोबाइलची बॅटरी लावून काकांचे दोन्ही तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांसकट.

चपलेच्या जागी कॅनव्हासचे बूट आले आहेत. काका कुरकुर करतात, क्लचचा अंदाज येत नाही म्हणतात. काकूंनी जुन्या चपला कचऱ्याच्या गाडीत टाकून दिल्या.