संगणक सुरू होण्यास विलंब का लागतो?

शाळेतील संगणक कामास सिद्ध होईपर्यंत तासाचा बराच वेळ निघून जातो. मग यंत्र बिघडले असे समजून ते कपाटात बंद होते, आणि नुकसान होते ते मुलांचे. वास्तविक पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. अनेक प्रोग्राम बसवितानाच संगणकाबरोबर आपोआप सुरू होण्याची व्यवस्था करून ठेवतात. ते सर्व पडद्याआड एकाच वेळी डिस्क व मेमरी अडवितात आणि संगणक मंदावतो.

विंडोज १० अथवा ११ असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागात प्रत्येक प्रोग्रामचा भार ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असा दर्शविलेला असतो. अधिक भाराचा अनावश्यक प्रोग्राम निवडून ‘डिसेबल’ करावा. त्यामुळे तो नष्ट होत नाही. गरजेच्या वेळी उघडता येतो. व्हायरसप्रतिबंधक प्रोग्राम, तसेच ज्याचे कार्य ठाऊक नाही तो, यांस मात्र हात लावू नये. बदलापूर्वी व बदलानंतर सुरू होण्यास लागणारा वेळ घड्याळात पाहून नोंदवावा, म्हणजे उपाय लागू पडला की नाही हे निश्चित कळेल.